हिरव्या झेंड्याचा पहिला क्रमांक

दौड कोणी जिंकली हे आपल्या वाचकाला सहसा कळत नाही. झेंडा कोणी दाखवला हे मात्र तीनदा कळतं. एकदा मथळ्यात, एकदा छायाचित्राखाली आणि एकदा बातमीच्या पोटात, मान्यवरांच्या यादीसकट. करमाडला जालना रोडवर एखादी दौड झाली की दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर हमखास चार कॉलमी छायाचित्र येतं. त्यात एक हिरवा झेंडा असतो आणि त्याच्या काठीला धरलेले नऊ हात असतात. काठी दीड हाताची असल्यामुळे उरलेले मान्यवर काठी धरणाऱ्यांचे दंड धरतात. छायाचित्रकार पाहुण्यांकडे तोंड करून उभा असल्याने शर्यत त्याच्या पाठीमागून निघून जाते. तो मागे वळत नाही, कारण पुढे सत्कार असतो.

अर्थात पाहुण्यांसाठी शर्यत वाकवण्याची परंपरा करमाडने सुरू केलेली नाही. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकचं. तिथे शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोर संपली. पुढे १९२१मध्ये तेच अंतर कायम झालं. म्हणजे व्हीआयपी मंडळींचा मान राखणं या खेळाच्या हाडातच आहे. फरक इतकाच, की तिथे निदान अंतर मोजलं होतं. आपल्याकडे संयोजकांच्या मोटारसायकलच्या काट्यावर जे दिसेल ते दहा किलोमीटर. रस्त्यावरची शर्यत मोजायची मान्य पद्धत सायकलच्या चाकाला गणकयंत्र लावून मोजण्याची आहे, आणि अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. दहा किलोमीटरला दहा मीटर जास्तीचे. आपल्याकडे हे दहा मीटर व्यासपीठाच्या रुंदीत जातात.

वार्ताहरांचं म्हणणं असं, की प्रेसनोट तशीच येते, आम्ही काय करणार? खरं आहे. प्रेसनोट संयोजक लिहितात आणि त्यात सतरा नावं असतात, कारण एक नाव राहिलं तर पुढच्या वर्षी टी-शर्टचा प्रायोजक राहतो. पण विजेत्याची वेळ विचारायला एक फोन पुरतो. दहा किलोमीटर एकतीस मिनिटांत पळणारा मुलगा आणि एकेचाळीस मिनिटांत पळणारा मुलगा यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याच्या शोधात एखाद्या प्रशिक्षकाने करमाडपर्यंत यावं. दुसऱ्याने अजून बराच घाम गाळावा. बातमीत मात्र दोघेही नुसते ‘प्रथम’. वेळच छापली नाही, तर गुण हेरणाऱ्याने काय पाहायचं? सत्काराची शाल?

दुसरा आक्षेप जरा भारदस्त असतो: वाचकाला पळण्यात रस नाही. हे म्हणणाऱ्याने पहाटे पाचला गावाबाहेरच्या कुठल्याही सरळ रस्त्यावर उभं राहावं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. सोळाशेला पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस गुण, नंतर काही सेकंदांनी गुण घसरत जातात. गावोगावच्या किती घरांचं भवितव्य या सेकंदांवर टांगलेलं आहे! असल्या घरातल्या आईलाही ‘पाच-दहा’ म्हणजे काय ते ठाऊक असतं. सेकंदाचं मोल कळणारा एवढा वाचकवर्ग दुसऱ्या कुठल्या खेळाला लाभला आहे? आणि सेकंद छापणं आपल्या वर्तमानपत्रांना जमत नाही असंही नाही. शंकरपटाची बातमी वाचा. जोडी कोणाची, गाव कोणतं, धाव किती सेकंदांची, सगळं दशांशासह छापून येतं. बैलांनी अमुक सेकंदांत मैदान मारलं हे कळतं आणि माणसाची पोर दहा किलोमीटर पळून पहिली आली तर ती फक्त ‘उपस्थितांचे लक्ष वेधून घेते’. बैलांचा हेवा वाटावा अशी ही अवस्था आहे. त्यांच्या शर्यतीत मालक मिरवतो, हे मान्य. पण निदान घड्याळ बैलांच्या बाजूने असतं.

आणि त्या सहाच्या दौडीचं काय, जी पावणेआठला सुटते? लांब पल्ल्याची शर्यत पहाटे ठेवतात ती पाहुण्यांच्या नाश्त्याची सोय म्हणून नव्हे. ऊन चढलं की शरीर स्वतःला थंड ठेवण्यात खर्ची पडतं आणि पायांची गती मरते. चारला उठलेली, अंग मोकळं करून सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिलेली पोरगी पावणेदोन तास भाषणं ऐकते, तिचं अंग थंड पडतं, पोट रिकामं होतं आणि मग तिला मराठवाड्याच्या उन्हात सोडून देतात. एवढं होऊन उशिरा आलेले पाहुणे माइकवर विचारतात, आपल्याकडे आफ्रिकेसारखे धावपटू का तयार होत नाहीत? पाहुण्यांच्या गाडीची वाट पाहत दोन-दोन तास कोणी उभं केलं असतं, तर तिकडचेही झाले नसते! झेंड्याला उशीर झाला ही खरी बातमी आहे. ती छापायची कोणाची छाती नाही.

तिसरा आक्षेप जाहिरातींचा. दौडीला पैसा मान्यवर देतात, तेव्हा त्यांचा फोटो नको का? हवा, जरूर हवा. व्यवहार आहे तर तो चोख व्हावा. ज्या बातमीत विजेत्यांचं नाव, मोजलेलं अंतर आणि लागलेली वेळ नाही, ती क्रीडा पानावर घेऊ नये. ती जाहिरात विभागाकडे पाठवावी, चौरस सेंटिमीटरच्या दराने बिल लावावं आणि झेंड्याला जितके हात, तितक्या जणांकडून आगाऊ पैसे घ्यावेत.