जांबोटीच्या खडीवर सायकल कशी ढकलावी

सायकल चालवायला शिकवणारे गल्लोगल्ली भेटतात. खानापूर तालुक्यातल्या जंगलवाटेवर ती ढकलायची कशी हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून नवशिक्यांसाठी हा धडा.

आधी सायकल विकत घ्या. दुकानदार एकवीस गियर, पुढचा शॉकअप आणि डिस्क ब्रेक दाखवेल. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड विचारलंत तर कीव आल्यासारखं बघेल. या सायकलीत ज्या वस्तू नसतात त्यांचेच पैसे जास्त पडतात. घरी वडील म्हणतील, 'एवढ्यात सेकंडहँड स्प्लेंडर आली असती.' यावर उत्तर नाही. शोधू नका.

मग सराव. बेळगावकरांनी येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ घ्यावा. निपाणीकरांना तवंदी घाट घरचाच, पण तिथे हायवेच्या ट्रकांशी बरोबरी करू नये. आणि सकाळी तंबाखूच्या वखारीवरून जाताना तोंड मिटून ठेवावं, नाहीतर पहिला अपघात शिंकेने होतो.

पावसाळ्यात जांबोटीच्या पलीकडे आत शिरू नका. तांबडी माती चाकात आणि फोर्कात अशी भरते की सायकल उचलूनच आणावी लागते, आणि तोवर जळवांचं जेवण उरकलेलं असतं. एप्रिलात फुफाटा. दिवाळीच्या आगेमागे जा.

आता हवा. नाक्यावरचा पंक्चरवाला प्रेमापोटी टायर दगडासारखा टाइट करून देतो. डांबरावर ठीक आहे. खडीवर असा टायर प्रत्येक गोट्यावरून टणाटण उडतो आणि हिशेब तुमच्या मणक्याला द्यावा लागतो. थोडी हवा सोडा. अंगठ्याने दाबल्यावर टायर जरासा दबला पाहिजे. पण फार उदार होऊ नका. हवा कमी पडली की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेचली जाते आणि सापाने डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पॅच एकच आणलेला असतो.

गियर चढाच्या आधी बदलायचा. चढावर जीव लावून पायडल मारत असताना बदललात तर चेन पडते, मग तुम्ही पडता. क्रम सहसा हाच.

उतारावर दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून उभे राहा, ढुंगण सीटच्या मागे न्या, पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबा आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवा. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. मी तीनदा जाऊन खात्री केली आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही पोरांनी जुन्या जाडजूड सायकली अशाच एका उतारावर शर्यतीला सोडल्या. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धुरासारखं उडून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक' पडलं, आणि माउंटन बाइकिंगचा इतिहास तिथून सांगतात. इथे मला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली काळी चोवीस इंची सायकल घंटी वाजवून मागे टाकून गेली. तिच्यावरच्या माणसाला आपण कुठला खेळ खेळतोय याची कल्पना नव्हती.

वाट चुकणं हा अभ्यासक्रमाचाच भाग. पाटी कन्नडमध्ये, गाव मराठी, चेकपोस्टवरचा गार्ड आधी कन्नड बोलणारा. त्याला 'नमस्कार री' म्हणा, अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. इथलं भीमगडचं जंगल २०११पासून अभयारण्य आहे. आत गवा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, रस्ता त्याचा आहे. अस्वलाची गाठ पडू नये म्हणून अंधाराच्या आत परता. माणूस भेटला तर 'मावशी, गाव किती लांब?' असं मराठीत विचारा. उत्तर येईल, 'हितंच की.' हे 'हितंच' एक किलोमीटरपासून आठपर्यंत कितीही असू शकतं. पाणी जपून प्या.

कणकुंबीच्या आसपास दम खायला थांबाल तेव्हा घाम कुठे गळतोय याचं भान ठेवा. मलप्रभा इथेच उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला मिळते. पलीकडच्या उतारावरचं पाणी म्हादईतून गोव्याला जातं. त्या पाण्यावर तीन राज्यं भांडली आणि २०१८ साली लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, तर महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं. तुमचा घाम कुणाच्या वाट्यात धरायचा हे निकालात नाही. रुमाल वापरा.

आता मुख्य विद्या. ढकलताना सायकलीच्या डाव्या बाजूने चाला. चेन उजवीकडे असते, पॅंट वाचते. एक हात हँडलवर, एक सीटवर. चेहरा शांत ठेवा, जणू निघतानाच असं ठरलं होतं. शेळ्या राखणारे एखादे आजोबा विचारतील, 'पंक्चर झाली काय ओ?' 'होय,' म्हणा. फिटनेस, निसर्ग वगैरे सांगत बसू नका. आजोबा शेळ्या नातवाच्या हवाली करतील, पुढच्या वळणावर पंपवाला आहे म्हणतील आणि तुमच्या सायकलीला मागून हात लावून चालू लागतील. पंक्चर नाही हे सांगायची वेळ तोवर निघून गेलेली असेल.