गाडी घेणारे अण्णा

अण्णांना गाडी घ्यायची आहे, हे आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. शोरूमवाल्यांना तर इतकं ठाऊक आहे की अण्णा दारात दिसले की ते पाणी विचारतात, माहितीपत्रक देत नाहीत. गाडी म्हणजे कामाला जायची नव्हे. जिच्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा, आंघोळ करायची आणि मनात येईल तिथं लावायची, अशी. तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात, मोठी असली की मोटरहोम. अण्णा 'घरगाडी' म्हणतात, आणि त्यांच्या मागे पेठ अण्णांनाही तेच म्हणते.

ही जमात अलीकडे फार वाढली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हीच माणसं शेळीपालन करणार होती, नंतर फार्महाऊस बांधणार होती. मग निवृत्ती आली, हातात मोबाइल आला, आणि मोबाइलवर एक गोरं जोडपं आलं. हे जोडपं नॉर्वेच्या डोंगरात व्हॅनचं मागचं दार उघडून कॉफी पितं. त्यांच्याकडे कधी कुणी पाहुणा येत नाही, कुणाची बारशी-बारावी नसतात. ते पाहून आपला माणूस सोलापूरच्या सिद्धेश्वर पेठेत बसून सुस्कारा टाकतो आणि बायकोला म्हणतो, "आपण पण निघायचं का?" बायको शेंगा निवडत असते. ती विचारते, "कुठं? भाजी आणायला?"

अण्णांची नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट दोन रकान्यांत मांडल्याशिवाय दिसत नाही. एका जाड वहीत डावीकडे 'लहान', उजवीकडे 'मोठी'. लहान म्हणजे मारुती इको. लांबी बारा फूट, रुंदी पाच फुटांच्या आत, आमच्या बोळात शिरते आणि मुख्य म्हणजे परतही येते. मोठी म्हणजे निदान टेम्पो ट्रॅव्हलर. मनात मात्र बसच्या चासीवर बांधलेली, आत संडास-बाथरूम असलेली. अमेरिकेत यांचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. त्यात ए सगळ्यात मोठी, बी सगळ्यात लहान आणि सी मधली. हे अण्णांनी चहाच्या गाड्यावर सांगितलं तेव्हा चहावाला म्हणाला, "म्हणजे शाळेत आमचा मास्तर बरोबर होता की. मी पण असंच लिवायचो."

अण्णांचा अभ्यास कच्चा आहे असं कुणी म्हणू नये. जर्मनीत १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालियावाले पलंग नि कपाट बसवून देत होते, हे ते सांगतात. आपल्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्सनं, ट्रॅव्हलर १९८७ साली आणली, हेही सांगतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. खास पार्क होणार, तिथं वीज-पाणी मिळणार, हे वाचून अण्णांनी त्या कागदाची प्रिंट काढली आणि लॅमिनेशन केलं. घरात लॅमिनेशन केलेल्या वस्तू तीनच: सासऱ्यांचा फोटो, रेशनकार्ड आणि हे धोरण.

खरी गंमत गच्चीवर झाली. मागच्या चैत्रात अण्णांनी नातवाचे खडू घेतले आणि गच्चीवर दोन्ही गाड्या पूर्ण मापात आखल्या. एकीकडे बारा बाय पाच, दुसरीकडे पंचवीस बाय आठ. विटांची शेगडी, पाट मांडून पलंग, प्लॅस्टिकची खुर्ची म्हणजे ड्रायव्हरची सीट. लहान गाडीचं छत दाखवायला पाण्याच्या टाकीपासून अँटेनाच्या खांबापर्यंत चार फुटांवर सुतळी बांधली. मग घरच्यांना आत बोलावलं. वैनी, म्हणजे अण्णांच्या बायको, थेट शेगडीपाशी आल्या.

"अगं, भिंतीतून आलीस! दार इकडं हाय."

वैनींनी खाली पाहिलं, निमूटपणे मागं गेल्या आणि दारातून आल्या. संसार इतकी वर्षं का टिकला, ते मला तेव्हा कळलं. मग त्या सुतळीला डोकं लागलं म्हणून वाकल्या, वाकून वळल्या, वळताना पलंगावर आपटल्या. मुलगा आत आला तेव्हा नातवाला बाहेर जावं लागलं. आव्वा, म्हणजे अण्णांच्या आई, नव्वदीच्या आहेत आणि कंबरेत पार वाकल्या आहेत. त्या सुतळीखालून काठी टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "मला तर ऐसपैस वाटायलंय की." त्या गाडीत मापानं बसलेलं घरातलं ते एकच माणूस.

मोठ्या गाडीत उभं राहता येत होतं. तिथं आव्वांनी दुसराच मुद्दा काढला. "देवघर कुठं रे?"

अण्णांनी नकाशा पाहिला. ओटा होता, फ्रिज होता, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास होता, देव नव्हते. मग देव ठेवायची जागा शोधणं सुरू झालं. पंचवीस फुटांत कुठंही ठेवले तरी संडास हाताच्या अंतरावर येत होता. ओट्याचं तेच. ज्या घरात न्हाणीघरातून आल्यावर पाय धुतल्याशिवाय चुलीकडं जायचं नाही, त्या घराला अण्णा कांदे चिरता चिरता फ्लशचा आवाज ऐकवणार होते. त्यांनी हिशेबनिसाच्या थंडपणानं संडास खोडून टाकला.

"मग जायचं कुठं?" वैनी.

"पेट्रोल पंपावर."

"पेट्रोल पंपापर्यंत जायला आपली स्कूटर हाय की."

संडास पुन्हा आखला गेला, तेव्हा त्याच्या टाकीची गोष्ट निघाली. या गाड्यांत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. तिसरी कुणी रिकामी करायची, यावर घरातल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडं बघितलं. पण वैनींना जास्त लागली ती दुसरी. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. पाणी यायच्या रात्री गल्लीत कुणी झोपत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी इथं तुळशीला जातं, कपड्यांचं अंगणाला. "आणि तुम्ही भरलेली बादली फेकायची सोडून डिझेल जाळून गावभर हिंडवणार?" याला अण्णांच्या वहीत उत्तर नव्हतं. उजव्या रकान्यात त्यांनी नुसतं 'पाणी' लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

दुपारी त्या दोन्ही गाड्यांवर शेजारणीनं कुरडया वाळत घातल्या.

माझ्या मते अण्णांचं खरं दुखणं फुटात नाही, माणसांत आहे. परदेशात ही निवड सोपी. दोघं असाल तर लहान, पोरंबाळं असतील तर मोठी. आपल्याकडं लहान गाडी घेतली तर कुणालाच नेता येत नाही आणि मोठी घेतली तर कुणालाच नाही म्हणता येत नाही. अण्णांनी नुसता 'ट्रॅव्हलर' हा शब्द उच्चारला, तर दुधनीहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, तुळजापूरला नवरात्रात आम्ही आठ जण हाव." बार्शीच्या बहिणीनं तर पुढच्या सीटवर हक्कच सांगितला, कारण तिला गाडी लागते. निवांत फिरायला काढलेली गाडी म्हणजे वऱ्हाडाची गाडी होणार, हे दिसताच अण्णा इकोकडं झुकले. इकोकडं झुकले की आव्वा रुसतात. आव्वा रुसल्या की पुन्हा सतरा सीटर. आणि आव्वांना नेऊन मेहुण्याला नेलं नाही, तर वैनी रुसतात.

मध्यंतरी त्यांनी जुनी व्हॅन घेऊन आतलं काम स्वतः करायचं ठरवलं. सीट काढायच्या, प्लायवूड ठोकायचं, पडद्यांना जुन्या सोलापुरी चादरी. चादरीचा विचार उत्तम होता. ४३ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या गाडीला तेवढाच आडोसा, आणि रात्री तीच पांघरायची. पण आरटीओबाहेर बसणाऱ्या एजंटानं त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं. गाडीची मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. रीतसर कॅरव्हॅन बांधायची तर तिचं वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. अण्णांनी तो आकडा टिपून घेतला. एजंटाला दया आली. "सीट तशाच ठिवा आणि वर गादी टाका की अण्णा. एमएच-१३ मध्ये झोपणाऱ्याला कोण धरायलंय?"

स्वयंपाकघराबद्दल मी एकदा बोलून पाहिलं. म्हटलं, अण्णा, ही शेगडी, सिंक, फ्रिज नॉर्वेवाल्यांना लागतो. आपली कडक भाकरी महिनाभर टिकते, शेंगाचटणी त्याहून जास्त. दही कुठल्याही गावात मिळतं. सोलापूरच्या माणसानं गाडीत स्वयंपाकघर नेणं म्हणजे विहिरीवर तांब्या भरून नेणं. अण्णांना हे पटलं. इतकं पटलं की त्यांनी सगळं स्वयंपाकघर खोडलं, चार फूट वाचवले आणि त्या चार फुटांत मेहुण्याला बसवलं.

गेल्या आषाढात ते मला घेऊन वाखरीला गेले. पंढरपूरच्या अलीकडचा पालख्यांचा शेवटचा मुक्काम. मी दर्शनाला आलो होतो, अण्णा ट्रक बघायला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला दिंड्यांचे ट्रक लागले होते. तंबूचे बांबू, ताडपत्र्या, नंबर घातलेल्या वळकट्या, पिठाची पोती, माणूस आत बसेल एवढी पातेली, मागं पाण्याचा टँकर. अण्णा एका ट्रकभोवती दोनदा फिरले आणि खिशातून टेप काढला. मी एक टोक धरलं. ट्रकच्या सावलीत आमटी ढवळत असलेल्या माणसानं आमच्याकडं पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"माउली, आत किती जण झोपतात?" अण्णांनी विचारलं.

"आत पातेली झोपतात."

"आणि माणसं?"

त्यानं डाव सगळ्या शिवारावरून फिरवला. अण्णांनी वही काढली.

"संडासाचं कसं?"

"सरकारनं फिरते उभे केल्यात की तिकडं. रांगेत थांबा."

हे काही लिहिण्यासारखं नव्हतं. अण्णांनी ट्रकच्या चाकाला हलकेच पाय लावून बघितला, शोरूममध्ये लावतात तसा, आणि ठेवणीतला प्रश्न काढला.

"ॲव्हरेज काय देतो?"

माणसानं आमटीची चव घेतली, मीठ टाकलं आणि जरा विचार केला.

"दोन वेळचे धरून अडीचशे माणूस."

अण्णांनी उजव्या रकान्यात अडीचशे लिहिलं. मग पुन्हा विचारून खात्री केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'चहा धरलेला नाही.'