नगरचं मिशन फरिदाबादला

बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने 1831 साली नगरला ठाणं मांडलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी ना कुणी सेवा करायला येतच राहिलं. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, आमच्या पणज्यांना अक्षरं शिकवली. सावित्रीबाई फुल्यांनीही शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते नगरला, मिस फरार यांच्याकडे. एवढी सेवा करून घेतल्यावर दोनशे वर्षं भरायच्या आत आपणही कुणाची तरी केली पाहिजे, असा ठराव आमच्या चर्चच्या वार्षिक सभेत आला आणि चहा यायच्या आत पास झाला.

कुणाची करायची, हे ठरण्यात मात्र पावसाळा गेला. तरुण संघाला नेपाळ हवं होतं. खजिनदारांनी पासपोर्टच्या खर्चाचं कारण पुढे केलं. नेपाळला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी ब्लँकेटांचा खर्च काढला. शेवटी दिल्ली ठरली, कारण खजिनदारांची मुलगी नोएडाला असते. महिला मंडळाला मनमाडच्या पुढे सगळा परदेशच, त्यामुळे त्यांची काही हरकत नव्हती. फरिदाबादच्या एका बालगृहाला पत्र गेलं. 'जरूर या, पण येण्याआधी फोन करून काय हवं ते विचारा,' असं उत्तर आलं. यातला पहिला अर्धा भाग सेक्रेटरींनी उपासनेनंतर मंडळींना वाचून दाखवला. दुसरा अर्धा त्यांनी फाइलला लावला.

मग उबदार कपड्यांसाठी आवाहन झालं. नगरच्या माणसाची थंडीची कल्पना माकडटोपीपाशी संपते, त्यामुळे माकडटोप्यांचं एक पोतंच भरलं. दुसऱ्या पोत्यात अर्ध्या बाह्यांचे स्वेटर, एक सफारी सूट आणि कुणाच्या तरी लग्नातला फेटा निघाला. महिला मंडळाने शेंगदाण्याची चटणी आणि पुरणपोळीचं सामान बांधलं. तरुण संघाने पेटी आणि टाळ घेतले. सेक्रेटरींनी फ्लेक्स छापून आणला. त्यावर 'दिल्ली सेवा दौरा' ही अक्षरं, खाली पाळकसाहेबांचा हसरा फोटो आणि कोपऱ्यात इंडिया गेट.

गाडी गोवा एक्सप्रेस. वास्कोहून निघून नगर, मनमाड करत ती निजामुद्दीनला जाते. आम्ही स्टेशनवर कितीतरी आधी हजर झालो, आणि याला कारण होतं. जुलै 2023 मध्ये हीच गाडी वळवलेल्या मार्गाने मनमाडला चांगला दीड तास आधी पोचली आणि 45 प्रवाशांना मागे ठेवून निघूनही गेली. गाडी उशिरा येणं आपल्याकडे कुणी मनाला लावून घेत नाही, पण लवकर येण्याचा धसका खजिनदारांनी अजून सोडलेला नाही.

आमच्यात एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. भुसावळ ते भोपाळ ते झोपले आणि मथुरेच्या अलीकडे धुक्यात गाडी रेंगाळली तसे बोलू लागले. पंडिता रमाबाई या बाजूला आल्या होत्या, म्हणाले. वृंदावनातल्या विधवांची काय दशा आहे, ते पाहायला साध्या यात्रेकरू बाईच्या वेशात हिंडल्या. पुढे 1896 च्या सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या शेकडो बायकामुलींना घेऊन आल्या आणि केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. "लक्षात घ्या," गुरुजी म्हणाले, "बाईंनी आधी पाहिलं, मग काम काढलं."

सेक्रेटरींनी फ्लेक्सची गुंडाळी वरच्या बर्थवर नीट सरकवली आणि चहावाल्याला हाक मारली.

निजामुद्दीनला उतरून मेट्रो धरली. प्रत्येक बॅग यंत्रातून जाते. माकडटोप्यांचं पोतं सुखरूप गेलं, पेटी मात्र अडली. आत पट्ट्या, तारा आणि भाता दिसल्यावर पडद्यासमोरच्या जवानाने उघडायला सांगितली. तरुण संघाच्या पोराने तिथेच मांडी घातली आणि काळी चार धरून रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू केलं. मागे रांग तुंबली. दुसऱ्या ओळीला पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "कुठलं गाव?" जवान बीडचा निघाला. त्यानंतर आमचं सामान कसं गेलं, हे विचारू नका. आष्टी-पाटोद्यातले कोण कोण ओळखीचे, याची उजळणी झाली, आणि महिला मंडळाने चटणीची एक पुडी सरकारी सेवेत रुजू केली.

गुलाबी लाइनवर लाजपतनगरच्या आधी विनोबापुरी नावाचं स्टेशन येतं. त्यामुळे महिला मंडळाच्या मावशींचा दिल्लीवर विश्वास बसला. लाजपतनगरला बदलून जांभळ्या लाइनने फरिदाबाद. बाटा चौक म्हणजे खरोखरच बाटाच्या कारखान्यावरून पडलेलं नाव. पलीकडचं एनआयटी म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 च्या सुमाराला हे गाव वसवलं. रिक्षावाल्याचे आजोबा बन्नूचे. घरं बांधायला निर्वासित स्वतःच विटा वाहत होते, असं त्याने सांगितलं आणि लगेच भाडं दुप्पट सांगितलं. मावशींनी मराठीत घासाघीस केली. त्याने पंजाबीत उत्तरं दिली. व्यवहार अर्ध्यावर मिटला.

बालगृहाच्या फाटकापाशी आणखी एक मिशन उभं होतं. टेक्सासच्या कुठल्याशा चर्चची तरुण मुलंमुली, अंगात एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर गिटारी. आम्हाला पाहून त्यांना भरून आलं. आमच्या अंगावर प्रवासाची धूळ, हातात पोती, दोघींच्या डोक्याला मफलर. ज्यांच्यासाठी सातासमुद्रापलीकडून आलो ते हेच, अशी त्यांची खात्री पटली. एका मुलीने मावशींचे हात हातात घेतले आणि डोळे मिटून प्रार्थना केली. मावशींनी मोठ्याने 'आमेन' म्हटलं आणि बदल्यात तिला माकडटोपी घातली. एका मुलाने गुरुजींना बिस्किटांचा पुडा आणि निळा फुगा दिला. गुरुजींनी हेडमास्तरकीतलं इंग्रजी बाहेर काढून त्याला विचारलं, गॉर्डन हॉल माहीत आहे का? 1813 साली मुंबईत उतरलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी एक. मुलगा विचारात पडला. म्हणाला, "गॉर्डन आमच्या गाडीत नव्हता, मागच्या गाडीत असेल."

आत गेल्यावर कळलं की त्या दिवशीच्या यादीत आमचा नंबर तिसरा. सकाळी गुरुग्रामच्या एका कंपनीचे लोक केक कापून गेले होते, मग टेक्सास, मग नगर. डिसेंबरात हे असंच चालतं. मुलं सराईतपणे रांगेत बसली, सराईतपणे टाळ्या वाजवल्या. आमचा केक पुढे आला, तेव्हा सात-आठ वर्षांच्या एका मुलीने तो दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू म्हटलं आणि शेजारणीच्या कानात सांगितलं, "क्रीम वाला सुबह का अच्छा था।"

तरुण संघाने चांगल्या शोमरोन्याचा दाखला नाटकातून बसवला होता. रंगीत तालमी नगरला महिनाभर चालल्या. पण हे नाटक पोरांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं. लुटारूंनी वाटसरूला बडवायला घेतलं, तेव्हा पुढच्या रांगेतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा उठला आणि आमच्या शोमरोन्याला म्हणाला, "अंकल, आप अभी नहीं। पहले पुजारी, फिर लेवी।" गाढवाची व्यवस्था आम्ही केलीच नव्हती. त्यावरून प्रेक्षकांत नाराजी पसरली. मागच्या टीममध्ये स्वतः पास्टरजी गाढव झाले होते, अशी माहिती मिळाली. सगळ्यांच्या माना पाळकसाहेबांकडे वळल्या. पाळकसाहेब क्षणभर थांबले, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि गुडघ्यांवर आले. त्या दौऱ्यातली खरी टाळी त्यांना पडली.

त्यांना प्रवचनही बदलावं लागलं. विषय 'अनाथांचा पिता' असा होता. सुरू करण्याआधी अधीक्षिकेने बाजूला घेऊन सांगितलं की इथल्या बहुतेकांना आई नाहीतर बाप आहे. कुणाची आई बंगल्यांमध्ये भांडी घासते आणि महिन्यातून एकदा भेटायला येते, कुणाचा बाप तुरुंगात आहे. मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने इथे येतात, आणि शक्य असेल तर घरी परत पाठवणं हेच इथलं काम. या बाईंना सगळे दीदी म्हणत. पाळकसाहेबांनी अनाथ गाळले आणि उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. तीही पोरांना पाठ होती.

एवढ्यात सेक्रेटरींनी फ्लेक्स उलगडला आणि मुलांना त्यापुढे उभं राहायला सांगितलं. दीदी शांतपणे आड आल्या. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, त्यांनी सांगितलं. मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव कुठेही छापायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेक्रेटरींनी दोन लाखांचा आकडा खजिनदारांकडे पाहून ऐकला. फ्लेक्स मिटला. म्हणूनच आमच्या अहवालातल्या फोटोंमध्ये पाळकसाहेब आहेत, कडुनिंब आहे, पाण्याची टाकी आहे आणि निळा फुगा धरलेले गुरुजी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीदींनी आम्हाला आमच्या लायकीचं काम दिलं. मटार सोलायचे. दिल्लीकडच्या थंडीत मटाराच्या गोण्या येतात आणि उन्हात बसून त्या सोलायच्या असतात. अंगणात अंथरायला काही नव्हतं, तेव्हा फ्लेक्स अंथरला. पाळकसाहेबांच्या फोटोवर सालींचा ढीग चढत गेला, आधी हनुवटी झाकली, मग मिश्या.

पोरांचा हात बघण्यासारखा होता. देठाकडून अंगठा दाबायचा, शेंग फट्कन उघडते, तोच अंगठा खालपर्यंत सरकवायचा, दाणे ताटात. दर चार-पाच शेंगांमागे एक दाणा तोंडात. त्याला दीदींची परवानगी होती. मावशींच्या एका ताटाला पोरांची तीन ताटं व्हायची. पुरणपोळीचा बेत स्वयंपाकिणीने आदल्या रात्रीच नाकारला होता. भिंतीवर आठवड्याचा तक्ता होता, त्या दिवशी मटार-पुलाव, आणि तक्ता म्हणजे तक्ता. पण शेंगदाण्याची चटणी तिने चाखली, पुन्हा चाखली आणि डबा कुलपात ठेवला.

आणि मटार सोलताना, कार्यक्रम नसताना, सगळी बोलायला लागली. काल आम्हाला नाटक शिकवणाऱ्या पोराने गुरुजींकडे दशांश अपूर्णांकांची वही आणली. चौथीपासूनची गाठ गुरुजींनी दाण्यांचे दहा-दहाचे ढीग मांडून सोडवली. एका मुलीने टाळ मागितले. भजन सुरू झाल्यावर तिने ठेका असा धरला की पेटीवाल्याला मागे पळावं लागलं. ते टाळ तिथेच राहिले. टेक्साससाठीही जागा केली. गिटार गप्प बसली आणि त्यांचा शेंगा सोलण्याचा वेग आमच्याहून कमी निघाला, याचं नगरकरांना समाधान वाटलं.

निघताना गुरुजींनी दीदींना विचारलं, की बाई, तुम्हाला खरं काय लागतं? दीदींनी टेबलाचा खण उघडला. यादी तयारच होती, फक्त विचारणारा हवा होता. चड्ड्या-बनियन, सगळ्या मापांचे. शाळेचे काळे बूट, तीन ते सात नंबर. इन्व्हर्टरची बॅटरी. दहावीच्या मुलांना गणिताची शिकवणी. रात्रपाळीच्या मावशीचा पगार. खेळण्यातल्या अस्वलांचं एक अख्खं कपाट भरलेलं होतं, ते उघडून दाखवायलाही त्या विसरल्या नाहीत. माकडटोप्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या, कारण फरिदाबादच्या थंडीपुढे नगरचा अंदाज बरोबर निघाला.

तुमची मंडळी, तुमचं मंडळ, तुमची भिशी, कुणी असं कुठे जाणार असेल, तर आधी संस्थेची नोंदणी आहे ना ते विचारा, मग फोन करून यादी मागा आणि कॅमेरा घरी ठेवा. पगाराला पैसे द्या, त्यावर कुणाचं नाव कोरलं जात नाही, म्हणून ते कुणी देत नाही. आणि शक्यतो नाताळात जाऊ नका. जूनमध्ये जा. तेव्हा फरिदाबादला पारा 45 अंशांपर्यंतही जातो, शाळा बंद असतात, मुलं दिवसभर घरात असतात आणि केक घेऊन कुणीही येत नाही.