हॉर्नवाल्या अण्णांस

प्रिय ड्रायव्हर अण्णा,
सा. न. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी कुंभकोणमच्या महामहम तळ्याच्या कडेकडेनं मी चालत होते. दिवाळी अंकाच्या लेखाचा शेवट कित्येक दिवस अडला होता, तो अचानक सुचला. अख्खा, क्रियापदासकट. आणि मागून तुमची खासगी बस आली.

हॉर्न सगळेच वाजवतात. तुमचा तीन सुरांत वाजतो. संगीताचा मुलूख म्हटल्यावर एका सुरात कसं भागेल? मी उडी मारली ती थेट विड्याच्या पानांच्या टोपलीवर. टोपलीमागची बाई ओल्या फडक्याखालून पानं काढून मोजत होती. तिनं मान वर केली नाही, मोजणीही चुकली नाही. माझं वाक्य मात्र गेलं ते गेलंच.

‘चालताना कशाला सुचवून घेता?’ असं तुम्ही विचाराल. अण्णा, चालतानाच सुचतं. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी तपासून पाहिलं: बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचल्या. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललेल्यांनाही सुचल्या. ‘मग घरातच चाला की बाई,’ असं तुमचा वकील म्हणेल. चालले असते, पण त्या भिंतीमागून बस येत नव्हती, हेही त्यानं लक्षात घ्यावं.

16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना गणिती हॅमिल्टनला क्वाटर्निअन नावाच्या संख्यांचं सूत्र सुचलं, ते त्यानं तिथल्या तिथे पुलाच्या दगडावर कोरलं. मागे तुम्ही असता तर तो कालव्यात सापडला असता. लांब कशाला, तिरुवैयारूच्या गल्ल्यांतून संगीतकार त्यागराज गात गात उंछवृत्तीला, म्हणजे धान्याच्या भिक्षेला, फिरत. तंजावरच्या सरफोजीराजांचं बोलावणं त्यांनी नाकारलं म्हणतात. तुमचं नाकारता आलं नसतं.

गणिती रामानुजन मात्र माझ्या बाजूनं साक्ष देणार नाही. इथल्याच सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घराच्या ओट्यावर तो मांडी घालून बसे, मांडीवर पाटी, आणि लिहिलेलं कोपरानं पुसून टाकी. म्हणजे बसूनही सुचतं, कबूल. पण ओटा रस्त्यालाच लागून असतो, अण्णा. तिथं बसलेला पोरगाही तुमच्या तावडीतून सुटत नाही.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 119 क्रमांकाचा नियम आहे. बहुसुरी, कर्कश हॉर्नला त्यात मनाई आहे. नियम कागदावर, हॉर्न बसवर. दोघांची गाठ पडायची आहे.

माझा लेख मरू दे. ती पानवाली दचकली नाही, याची मला चीड आली आहे. कानाशी एवढं बोंबलल्यावर माणूस दचकायला हवा! तुम्ही मंडळींनी गावाचे कान मारून टाकलेत आणि वर ‘हॉर्न दिल्याशिवाय कोणी हलतच नाही’ म्हणता. कसा हलेल?

परवा मुद्दाम तुमच्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसले. भांडायचा बेत होता. पण कंडक्टर सारखा घड्याळ बघत होता, तुम्ही आरशात मागची बस बघत होता. दोन मिनिटं उशीर झाला की पुढच्या थांब्यावरची माणसं ती उचलणार आणि संध्याकाळच्या हिशेबात तुमचं पोट मार खाणार. ते तीन सूर आम्हाला घटकाभर, तुम्हाला दिवसभर, आणि तेही बसल्या जागी. भांडण राहून गेलं.

शेवटच्या स्टँडवर तुम्ही उतरलात आणि हात मागे बांधून बसभोवती फेऱ्या मारू लागलात. ओठ हलत होते. काहीतरी जुळत होतं, ते मी ओळखलं. तेवढ्यात मागून दुसऱ्या बसनं हॉर्न दिला आणि तुम्ही वळून त्या ड्रायव्हरला काहीतरी सुनावलंत. मला तमिळ फारसं येत नाही, पण एकूण एका शब्दाशी मी सहमत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक पादचारी