बुडबुड्यांचा भाव

स्पार्कलिंग मिनरल वॉटर म्हणजे जमिनीतून आलेले, अंगचे क्षार घेऊन आलेले आणि कार्बन डायऑक्साइड पोटात कोंडलेले पाणी. क्षार चिमूटभर, वायू श्वासागणिक फुकट बाहेर टाकला जातो तोच, आणि पाणी हे शेवटी पाणी. तरीही या तिघांची हिरव्या काचेच्या बाटलीत गाठ पडली आणि बाटलीवर फ्रेंच अक्षरे उमटली, की पेलाभर पाण्याला शंभराची नोट पुरत नाही.

या पाण्याचे आकर्षण जिभेपासून सुरू होते. वायू पाण्यात विरघळतो तेव्हा थोडे कार्बॉनिक आम्ल तयार होते. ते चवीला किंचित आंबट लागते आणि जिभेला झोंबते. या झोंबण्याची वर्दी देणारी नस मिरचीच्या ठेच्याचीही वर्दी देते. म्हणजे शरीराच्या हिशेबी हा चिमटाच. पैसे मोजून जिभेला चिमटे काढून घेण्याची हौस माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात आढळत नाही. गार पाण्यात वायू जास्त मुरतो, म्हणून बाटली थंड हवी. बर्फाचे खडे मात्र घालू नयेत. त्यांच्या खडबडीत अंगावर बुडबुडे जमतात आणि भराभर पळून जातात. बर्फ मागणारे गिऱ्हाईक आपलेच पैसे हवेत सोडत असते, पण वेटर हे सांगत नाही.

जमिनीची मदत न घेता पाण्यात वायू भरण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाची. 1767 साली तो लीड्स गावात बिअरच्या भट्टीशेजारी राहायला आला. आंबणाऱ्या पिंपांवर वायूचा थर तरंगत असे. तिथे दोन पेले धरून पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतत राहिले की त्याला झिणझिण्या येतात, हे त्याच्या ध्यानात आले. 1772 मध्ये त्याने कृती छापून टाकली आणि पुढच्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. पैसा मात्र योहान याकोब श्वेप या घड्याळजीने केला. 1783 साली जिनिव्हात त्याने हेच पाणी विकायला काढले. शेजारच्या भट्टीतून एकाने विद्या घ्यावी आणि दूरच्या गावी दुसऱ्याने दुकान थाटावे, हा क्रम या धंद्यात पुढेही चालू राहिला.

वायू बाटलीत कोंडून ठेवण्याचा प्रश्न हायरम कॉड या इंग्रजाने सोडवला. 1872 च्या त्याच्या पेटंटात काचेची गोटी आतल्या दाबानेच रबरी कड्यावर घट्ट बसते. बूच नको, ओपनर नको. महाराष्ट्रात हाच गोटी सोडा. गोटी आत ढकलताना होणारा आवाज हा निम्मा माल असतो, आणि त्यानंतरची ढेकर हा उरलेला. ढेकर हा या पाण्याचा सर्वांत प्रामाणिक गुण. पण महागड्या बाटलीच्या जाहिरातीत तो कधीच दिसत नाही. किंमत वाढते तसतशी ढेकर देण्याची मुभा कमी होत जाते, असा एक नियम इथे मांडता येईल.

महागड्या बाटल्यांत अभ्यासाला सोयीची पेरिए. दक्षिण फ्रान्समधल्या व्हेर्झेझ गावचा हा झरा 1898 साली लुई पेरिए नावाच्या डॉक्टरने घेतला. पुढे सेंट जॉन हार्म्सवर्थ हा श्रीमंत इंग्रज फ्रेंच शिकायला म्हणून तिकडे गेला आणि झराच विकत घेऊन बसला. भाषा शिकण्याचा इतका खर्चिक मार्ग दुसऱ्या कुणी पत्करल्याचे दिसत नाही. 1906 च्या मोटार अपघातात त्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले. व्यायामासाठी तो जी लाकडी दांडकी फिरवत असे, त्यांच्या घाटावरून त्याने बाटली घडवली. इंग्रज त्यांना ‘इंडियन क्लब’ म्हणत. आपल्या तालमीतले ते मुद्गल. म्हणजे जगभरच्या उंची टेबलांवर मिरवणाऱ्या या फ्रेंच नजाकतीचे कूळ आखाड्याच्या तांबड्या मातीत सापडते. बाटलीची मान पकडून दोनदा खांद्यावरून फिरवली असता याची खात्री पटते. प्रयोग रिकाम्या बाटलीवर करावा.

सत्तरीच्या दशकात पेरिएने अमेरिका जिंकली. दारूचा पेला नको आणि हात रिकामाही नको, अशा तब्येत सांभाळणाऱ्या मंडळींची चांगली सोय झाली. जाहिरातीला ऑर्सन वेल्स या नटाचा धीरगंभीर आवाज मिळाला. त्या काळी अमेरिकेतला धंदा ब्रूस नेविन्स सांभाळत होता. रेडिओवरच्या थेट मुलाखतीत त्याच्यापुढे पाण्याचे सात पेले ठेवून यातले तुमचे कोणते, असे विचारण्यात आले. त्याला ते पाचव्या खेपेस सापडले. विक्रीवर याचा काही परिणाम झाला नाही, कारण गिऱ्हाईक डोळ्यांनी पीत होते आणि बाटली तर कुणालाही ओळखता येत होती.

1990 साली मात्र अमेरिकेत या पाण्यात बेंझिन या विषारी रसायनाचा अंश सापडला. मात्रा अगदी कमी होती, पण शुद्धतेच्या नावावर पैसे घेणाऱ्याला ‘अगदी कमी’ हे शब्द वापरता येत नाहीत. जगभरातून सोळा कोटी बाटल्या परत बोलावण्यात आल्या. आधी कंपनीने साफसफाईतल्या चुकीकडे बोट दाखवले, मग झऱ्यावरच्या वायूच्या गाळण्या वेळेवर बदलल्या नव्हत्या हे कबूल केले. गाळण्यांचे कळले तशी घरातली आणखी एक गोष्ट बाहेर आली: पाणी आणि वायू जमिनीतून वेगवेगळे काढले जात आणि कारखान्यात पुन्हा एकत्र आणले जात. अमेरिकेतल्या लेबलावरचे ‘नैसर्गिकरीत्या फसफसणारे’ हे शब्द त्यानंतर गेले. किंमत राहिली.

भारतात या विषयाला वेगळेच वळण आहे. आपण ज्याला सर्रास मिनरल वॉटर म्हणतो ते बहुतेक वेळा मिनरल वॉटर नसतेच. भारतीय मानक ब्युरोचे दोन निरनिराळे नियम आहेत: एक नैसर्गिक खनिज पाण्याचा, दुसरा शुद्ध करून बाटलीत भरलेल्या पिण्याच्या पाण्याचा. एसटी स्टँडवर मिळते ते सहसा दुसरे. ज्या नावाने हे पाणी ओळखले जाते ती बिसलेरी मूळची इटालियन. ठाण्यात तिचा कारखाना 1965 साली निघाला. लोकांनी नळ सोडून पाणी विकत घ्यावे ही कल्पनाच तेव्हा वेडगळ होती. 1969 मध्ये पार्लेच्या चौहानांनी ती चार लाखांत घेतली, तेव्हा काचेच्या बाटलीत साधे आणि फसफसणारे असे दोन प्रकार मिळत. चौहानांचा डोळा सोड्यावर होता. नाव झाले ते साध्या पाण्याचे.

भावाचा खरा चमत्कार हॉटेलात घडतो. छापील किमतीपेक्षा जास्त आकारावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयाने म्हटले, हॉटेलात गिऱ्हाईक नुसती बाटली घेत नाही. बसायची जागा आणि सेवाही घेते, म्हणून जादा आकारणी चालेल. तेव्हापासून पाण्याच्या बिलात खुर्चीचे भाडे कायदेशीरपणे मिसळले आहे. वेटरच्या प्रश्नातही पायऱ्या आहेत. ‘साधं की बिसलेरी?’ ही पहिली, ‘रेग्युलर की मिनरल, सर?’ ही दुसरी. ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ या तिसऱ्या पायरीवर साध्या पाण्याचे नाव घ्यायला फार मोठे धैर्य लागते, विशेषतः समोर होणारे व्याही बसलेले असताना.

झाकण उघडून ठेवले की वायू हळूहळू उडून जातो. उरते ते किंचित खारट पाणी. ते ओतून देता येते, पण बाटली टाकवत नाही. मराठी घरात ती धुऊन, लेबल जपून, आधी फ्रीजमध्ये जाते आणि पाहुण्यांपुढे येते. काही महिन्यांनी तिच्यात मनीप्लांटची फांदी खोचून ती खिडकीत ठेवली जाते. पाणी महापालिकेचे.