सुधारणा, शनिवार-रविवार

इगतपुरी तालुक्यात पावसाळ्यात दोन पिकं जोमात येतात: भात आणि आत्मसुधारक. भाताला आवणी लागते, चिखल लागतो, चार महिने थांबावं लागतं. आत्मसुधारक शुक्रवारी रात्री पेरला की रविवारी दुपारी कापणीला येतो. त्यातच 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ठाणे-मुंबईच्या सुधारणेने वेग घेतला. पूर्वी कसारा घाटात ट्रकमागे अडकल्यावर माणसाला निदान आत्मपरीक्षणाला वेळ मिळायचा. आता जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यात शिरलेला माणूस बाहेर येतो तो चेक-इनची वेळ झाली का, हे विचारतच.

गावात राहणाऱ्याला हे पीक लांबूनही ओळखू येतं. मनगटावर घड्याळ, घड्याळात पावलं आणि पावलांत अभिमान. पॅकेजात सगळं बसवलेलं असतं. सकाळी कळसूबाई, दुपारी स्वसंरक्षण, संध्याकाळी मोबाइलपासून मुक्ती आणि रात्री ‘आपलं जेवण आपणच रांधू’. एवढी सुधारणा अठ्ठेचाळीस तासांत व्हायची, तर माणूस मुळात किती बिघडलेला असावा, याचा विचार मात्र कोणी पॅकेजात घातलेला नाही.

कळसूबाई 1646 मीटर उंच, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आमच्या आणि अकोले तालुक्याच्या शिवेवर. पावसाळ्यातल्या रविवारी तिथल्या लोखंडी शिड्यांपाशी रेशन दुकानासारखी रांग लागते. रांगेत उभं राहून माणूस चिडतो, चिडल्याने नाडी वाढते, आणि घड्याळ ती वाढलेली नाडी व्यायाम म्हणून मांडून ठेवतं. वर पोचल्यावर आधी देवीचं दर्शन की आधी नेटवर्क, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. खालच्या वाडीतला सरबतवाला डोक्यावर पाण्याचा कॅन घेऊन पहाटेच वर पोचलेला असतो. त्याच्या मनगटावर घड्याळ नसल्यामुळे तो चढला याला कसलाही पुरावा नाही.

पूर्वी आपण नाडी वैद्याला दाखवत असू, आणि वैद्य ती गावभर सांगत नसे. आता ती परदेशातल्या कुठल्या तरी संगणकाला दाखवतो आणि वर वर्गणीही भरतो. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपच्या नकाशावर अमेरिकी लष्कराचे तळ उजळून दिसले होते, कारण तिथले सैनिक रोज सकाळी घड्याळ बांधून तळाभोवती धावत होते. शत्रूला हेर पाठवायची गरजच उरली नाही. आमच्याकडे एवढी गोपनीय माहिती नाही. पण कोण कोणत्या शनिवारी कोणासोबत भावली धरणाच्या काठाने धावलं, ही माहिती काही घरांत लष्करी तळापेक्षा जास्त स्फोटक ठरू शकते.

दुपारी हिरवळीवर स्वसंरक्षणाचा वर्ग भरतो. शिकवणारा ओरडतो, शिकणारे त्याच्याहून मोठ्याने ओरडतात आणि बांधापलीकडची म्हैस मान वर करून बघते. दोन तासांत मनगट सोडवायच्या युक्त्या शिकवून लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र देतात. हल्लेखोराने मात्र उजवंच मनगट धरायला हवं. डावं पुढच्या लेव्हलला आहे.

अर्थात मराठी माणसाचं व्यायामावरचं प्रेम जुनं आहे, आणि बरंचसं कागदावरचं आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. जिद्दीचं काम, शंकाच नाही. ते दहा खंड रोज कपाटातून काढून परत ठेवले तरी दंड भरतील. मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांची आख्यायिका तर आमच्याच जिल्ह्यातली. निजामाकडचे अली आणि गुलाब हे पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आव्हान देऊन उभे राहिले. तेव्हा तरुण बाळंभट तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगीला गेले, आणि तिथे झाडावरच्या माकडाच्या उड्या पाहून पेच शिकले, असं सांगतात.

ती गुरुपरंपरा आमच्या घाटात अजून चालू आहे. गाडी थांबवून ‘किती क्यूट’ म्हणणाऱ्याच्या हातातला वेफर्सचा पुडा माकड ज्या सफाईने काढून घेतं, त्यात पवित्रा, झेप, पकड आणि माघार असं सगळं शास्त्र येतं. प्रमाणपत्रवाले यावेळी गाडीत बसून काचा वर करतात. माकडाला उजवं-डावं कळत नाही, ही अडचण आहेच.

आता मोबाइल. येताना गाडीभर व्हीपीएन, पासवर्ड आणि ‘आपला डेटा’ यांवर व्याख्यान दिलेला गृहस्थ रिसॉर्टच्या काउंटरवर पाच माणसांच्या आधार कार्डांचे फोटो काढून, तिथल्या पोराच्या खासगी नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतो आणि विचारतो, “वायफायचा पासवर्ड काय?” शेवटचे चारच आकडे दाखवणारं झाकलेलं आधारही काढता येतं, हे त्याला माहीत असतं. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, “सर, पूर्ण नंबरवालं द्या ना.” आणि सर देतात. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डेटाचा कायदा केला. पण पोरगा ‘सर’ म्हणाला की आपलं एकमत त्याहून लवकर होतं.

सरकारलाही दोष देता येत नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना बजावलं, की हॉटेलं, चित्रपटगृहं अशांना आधारच्या प्रती देऊ नका. लोक घाबरले. 29 मे रोजी ती सूचना मागे घेण्यात आली आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी असं सांगण्यात आलं. म्हणजे देशातल्या झेरॉक्सवाल्यांचा धंदा जेमतेम दोन दिवस धोक्यात होता. नेहमीची सावधगिरी म्हणजे नेमकी कोणती, हे प्रत्येक काउंटरवर आपापल्या परीने ठरतं.

खोलीत गेल्यावर गृहस्थ लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला पट्टी चिकटवतात आणि मग गॅलरीत उभे राहून फोटो टाकतात, ‘फोनपासून दूर, निसर्गाच्या जवळ’. खाली ठिकाणासह. दर दहा मिनिटांनी ते फोनपासून किती दूर आहेत, हे फोनवर पाहतात.

खरं म्हणजे फोन सोडायची सोय या गावात 1976 पासून आहे, फोन खिशात येण्याच्या कितीतरी आधीपासून. सत्यनारायण गोयंकांच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, अकराला शेवटचं जेवण, संध्याकाळी नव्या साधकाला चहा आणि थोडं फळफळावळ, तोंडाला आर्य मौन आणि फोन जमा. फी नाही, दान शेवटी, तेही इच्छा असेल तर. एवढं असूनही आमचे सुधारक तिकडे वळत नाहीत, कारण तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसतं. ध्यान नीट लागलं की डुलकी लागली, हे शेजारच्यालाही कळत नाही. साक्षीदाराविना सुधारायचं, तर मग सुधारायचं कोणासाठी? जे जातात त्यांतलेही काही दहाव्या दिवशी मौन सुटताच सगळं बोलणं एकदम सोडतात आणि मग घरचे लोक उरलेलं वर्ष मौनात काढतात.

फोन जमा करणारी दुसरी मंडळी 2025 च्या ऑगस्टच्या सुमारास इथे आली होती. सीबीआयने इगतपुरीतल्या भाड्याने घेतलेल्या एका रिसॉर्टवर छापा घातला. अ‍ॅमेझॉनचं मदत केंद्र असल्याचं भासवून तिथून अमेरिका-कॅनडातल्या लोकांना गंडवलं जात होतं, असा आरोप आहे. 44 लॅपटॉप आणि 71 मोबाइल जप्त झाले. शहरातून माणसं इथे नेटवर्क चुकवायला येतात आणि त्याच धुक्यात कोणी सातासमुद्रापार फोन लावत बसलेलं असतं. धम्मगिरीवर तुम्ही फोन आपणहून देता आणि दहा दिवसांनी परत मिळतो. सीबीआयकडे दिलेला फोन कधी मिळतो, हे अनुभवी लोकांना विचारावं.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. ‘डिजिटल अटक’ म्हणून जो प्रकार चालतो, त्यात भलेभले शिकलेले लोक खोलीचं दार लावून, कोणाशी न बोलता, पडद्यावरच्या खोट्या पोलिसासमोर दिवसच्या दिवस बसून राहतात. कायद्यात अशी अटकच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगितलं, आणि तक्रारीसाठी 1930 हा नंबर आहे. तरी लोक बसतात. एका जागी गप्प बसायचंच होतं, तर धम्मगिरी फुकट होती.

रात्री स्वयंपाक. रिसॉर्टवाले कांदा चिरून, वाटण वाटून, बटाटे उकडून ठेवतात आणि पाहुणा झारा फिरवतो. याला ‘स्वावलंबन’ म्हणतात. आमचे ठाण्याचे मेहुणे असेच स्वावलंबी होऊन घरी परतले. त्यांनी माझ्या बहिणीला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, भिंतीला फोन टेकवला आणि नागलीची भाकरी थापायला घेतली. ही आमच्या तालुक्यातल्या डोंगरउतारावरची नागली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं तेव्हापासून ती चकचकीत पुड्यातून, वजनाला हलकी आणि किमतीला भारी होऊन शहरात राहते. भाकरी तव्यावर गेली ती भारताच्या नकाशासारखी आणि उलटताना फाळणी झाली. मेहुण्यांनी दोन्ही तुकड्यांचे फोटो काढले. मदतीला ‘रुचिरा’ काढून ठेवलं होतं. कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये वाटी-चमच्याच्या मापाने अवघ्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला, पण नंतरची भांडी कोणी घासायची, हे त्यांनी गृहीत धरलं असावं.

“भावजी, कशी झालीय?” मी फोनवर विचारलं.

“अरे, खमंग!” मेहुणे म्हणाले. मागून बहिणीचा आवाज आला, “थापायला शिकलेत. परात घासायचं पुढच्या शिबिरात आहे.”

या सगळ्यावर नगरपरिषदेने आणि रेल्वेने मिळून काहीतरी करायला हवं, असं माझं मत आहे. कसारा-इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला. 1 ला 37 असा चढ, म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावायची रीत पडली, आणि खाली उतरण्याआधी इगतपुरीत गाडीचे ब्रेक तपासायची. वर चढताना कोणीतरी ढकलतं, त्याचं कौतुक कशाला? तपासायचं ते उतरताना. तेव्हा रविवारी संध्याकाळी मुंबईकडे निघालेल्या प्रत्येक सुधारकाची इगतपुरीतच ब्रेक-तपासणी व्हावी. फलाटावर एक टेबल, टेबलावर गरम बटाटेवड्यांची परात, शेजारी तळलेल्या मिरच्या, आणि समोर पूर्ण चार्ज केलेला मोबाइल. पाच मिनिटं दोन्हींना हात न लावता जो उभा राहील, त्याला घाट उतरायची परवानगी. बाकीच्यांनी पुढच्या शुक्रवारचं बुकिंग तिथेच करावं, आधारच्या झेरॉक्ससह.

वडेवाल्यांना मात्र आधी कळवून ठेवलेलं बरं. पहिल्या रविवारी माल कमी पडेल.