मस्टर आणि रिमास्टर

पुतण्या फोन पुढे करत म्हणाला, "काका, तुमच्या त्या जुन्या बॅण्डचं रिमास्टर आलंय." बाजेवर अण्णा बसले होते. पंच्याहत्तरी उलटली तरी कान शाबूत, फक्त नको तेवढंच त्यांना नेमकं ऐकू येतं. ते म्हणाले, "कशाचं मस्टर निघालंय?"

बीड जिल्ह्यात हा शब्द हलक्यात घेत नाहीत. कामावरची हजेरी ज्या कागदावर पडते ते मस्टर. त्यावर नाव असलं तर पगार, नसलं तर दिवसभर ऊन खाऊन घरी. 'रि' हे अक्षर अण्णांनी सरळ सोडून दिलं होतं.

मी समजावायला गेलो. म्हटलं, अण्णा, कल्हई करतो ना आपण? भांडं तेच, फक्त आतून लख्ख. तसं जुन्या ध्वनिफितीला कल्हई केली की रिमास्टर. अन् भांडं वितळवून नव्याने ओतलं की त्याला रिमिक्स म्हणतात. या भांड्याचं दोन्ही झालंय. १९९८ मध्ये कल्हई झाली, आणि अलीकडे २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सन नावाच्या कारागिराने ते पुन्हा ओतलं. अण्णा म्हणाले, "एवढं करण्यापेक्षा नवं भांडं घ्यावं माणसानं."

भांड्याचं नाव 'मेड इन जपान'. डीप पर्पल या इंग्रज बॅण्डने ऑगस्ट १९७२ मध्ये जपानात तीन कार्यक्रम केले, १५ आणि १६ तारखेला ओसाकाला, १७ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये. रेकॉर्डिंग हवं होतं ते तिथल्या कंपनीला. बॅण्डचा त्यात फारसा जीव नव्हता. गायक इयान गिलन छातीच्या दुखण्यातून उठलेला, स्वतःच्या आवाजावर नाराज. पुढे मिक्सिंगला पाचांपैकी फक्त रॉजर ग्लोव्हर आणि इयान पेस आले. सप्ताह संपल्यावर हिशेबाला दोघेच येतात, तसंच. आणि या बेफिकिरीतून निघालेली रेकॉर्ड रॉकमधल्या सगळ्यात नावाजलेल्या मैफिलींमध्ये गणली जाते. जीव तोडून केलेल्या कामांचं असं का होत नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.

माझ्याकडे हे सगळं १९९१ मध्ये एका कॅसेटवर आलं. औरंगाबादला होस्टेलवर होतो. तेव्हा दुकानात यादी द्यायची आणि कॅसेट 'भरून' आणायची, पिठाच्या गिरणीवर डबा ठेवावा तशी. मूळ रेकॉर्ड ७६ मिनिटांची, कॅसेट नव्वदची, म्हणजे एका बाजूला ४५. पहिल्या बाजूवर पाच गाणी बसवली तर ती ४६ मिनिटांच्या आसपास जातात. भरणाऱ्याने बसवली. त्यामुळे 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिलन आणि गिटारवाला रिची ब्लॅकमोर यांचे सवाल-जवाब रंगतात, गिटारने जागा घ्यायची आणि गळ्याने ती तशीच परत करायची, आणि मग गाणं संपायच्या बेताला येतं न येतं तोच, खट्. बटण वर. ते गाणं संपतं कसं हे मला तीसेक वर्षं ठाऊक नव्हतं. परवा ऐकलं. चारचौघांसारखंच संपतं. उगाच ऐकलं असं वाटलं.

अण्णा पखवाज वाजवायचे, म्हणून त्यांना मुद्दाम 'द म्यूल' लावून दिलं. त्यात पेसचे ड्रम कितीतरी वेळ एकटेच चालतात. अण्णांनी डोळे मिटले. दोन मिनिटांनी उघडले.

"ह्यो येकटाच वाजवायलाय. बाकीचे कुठं गेले?"

"थांबलेत, अण्णा. याची पाळी आहे."

"चहाला गेले असतील," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हात चांगलाय पोराचा."

जॉन लॉर्डचा हॅमण्ड ऑर्गनही त्यांना पटला. हा गृहस्थ आपली पेटी गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे ती गुरगुरते. अण्णांचा आक्षेप एवढाच की एवढी मोठी पेटी, मग भाता कोण हलवतंय? विजेवर चालते म्हटल्यावर ते गप्प झाले. त्या दिवशी आमची वीज दुपारपासून नव्हती.

'स्पेस ट्रकिन' आधीच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डवर साडेचार मिनिटांचं आहे. जपानात त्याची वीस मिनिटं झाली. माझ्या होस्टेलातल्या मित्रांना याचं फार अप्रूप होतं, मला कधीच वाटलं नाही. आमच्याकडे बुवा एक अभंग घेतात आणि दोन तास उभे राहतात. मूळ अभंग वाचायला अर्धं मिनिट लागतं.

तारखेकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. 'स्मोक ऑन द वॉटर' या रेकॉर्डवर आहे ते १५ ऑगस्टचं. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी आदल्या डिसेंबरात एक कॅसिनो जळाला, तळ्यावर धूर पसरला, त्याचं हे गाणं. तिकडे तळं आणि त्यावर धूर. आमच्याकडे त्या १५ ऑगस्टला तळी होती, पाणी नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ. स्वातंत्र्याची पंचविशी होती. त्याच दिवशी देशात पिनकोड सुरू झाले. आता बीडच्या पत्त्यापुढे ४३११२२ लिहितात. पत्त्याला आकडा मिळाला, पाऊस काही त्या पत्त्यावर आला नाही.

"अण्णा, हे पंधरा ऑगस्ट बहात्तरचं आहे. त्या दिवशी तुम्ही काय करत होता?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "खडीवर होतो तवा. पर त्या दिवशी सुट्टी. झेंड्याची."

"म्हणजे आराम."

"कामून आराम? सुट्टीचा खाडा. मस्टर कोरं."

मग खडीचा ढीग, मोजायला येणारा माणूस, लाल मिलोची घशात न उतरणारी भाकर, पोरांना मिळणारी सुकडी आणि ती पोरांच्या हातून खाणारी मोठी माणसं, असं सगळं निघालं. फोनवर गाणं चालूच होतं. ओसाकाचे लोक टाळ्या वाजवत होते, अगदी ठेक्यात. अण्णा मध्येच म्हणाले, "टाळकरी तालात हायेत."

पुतण्याने त्यांना सगळी रेकॉर्ड ऐकवायचं ठरवलं होतं आणि अण्णांनीही, का कोण जाणे, ऐकून घेतली. 'स्पेस ट्रकिन' संपलं. लोक ओरडले, आवाज विरत गेला, फोन गप्प झाला. अण्णा मान तिरकी करून तसेच बसून होते.

"संपलं, अण्णा."

"आन् आमचं?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी चौदा-पंधरा मिनिटं कोरी राहत होती, आणि मागची प्लास्टिकची खुटी मोडायची मी विसरलो होतो. दिवाळीत गावी आणली तेव्हा अण्णांनी ती टेपरिकॉर्डरसकट पारावर नेली होती आणि प्ले अन् रेकॉर्डची बटणं एकदम दाबून भजनी मंडळाचा हरिपाठ भरला होता. चौदा मिनिटांत हरिपाठ बसत नाही, तोही अर्ध्यावर तुटायचा. खट्. होस्टेलवर कितीतरी महिने आमचं डीप पर्पल असं हरिपाठात संपत असे. मध्ये कुणाचा तरी बैल हंबरायचा. पखवाज अण्णांचा.

कॅसेट कुठे गेली ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

"ह्यात नाही ते, अण्णा. हे कंपनीचं आहे."

"मंग आमचं नाव राहिलं की मस्टरवर," अण्णा म्हणाले आणि पुतण्याला म्हणाले, "त्या एकट्याचं लाव रे पुन्हा. चहाला गेलेत ते."